उजेड हवा, पण डायनामोच्या ऐपतीतला



पाऊस लागला की आपल्याकडे दिवस पुरत नाही. तलासरी, उधवा, कुर्झे या बाजूला आवणीचे दिवस आले की ट्रॅक्टर तासावर फिरतो, आणि ज्याचा नंबर रात्री लागेल त्याची चिखलणी रात्रीच होते. इकडे डहाणू, घोलवड, बोर्डीच्या चिकूवाड्यांत दुपारी तोड झाली, संध्याकाळी माल गोळा केला, की ट्रॉली बाहेर निघेपर्यंत अंधार पडलेला असतो. वाणगाव-चिंचणीकडच्या मिरचीवाल्यांचेही तेच. म्हणून छोटा बागेतला ट्रॅक्टर घरी आला, की महिनाभरात पोरगा विचारतो, "बाबा, याला मोठे दिवे लावू या का?"

लावावेत. जरूर लावावेत. अंधारात रोटाव्हेटर चालवणे हा धोक्याचा खेळ आहे. बांधावर घोणस बसलेली असते, वाडीच्या कोपऱ्यात बिनकठड्याची विहीर असते, आणि राबातून रोपांच्या मुठी घेऊन येणारी बाईमाणसे ट्रॅक्टरच्या मागेपुढे असतात. चालवणाऱ्याला नीट दिसलेच पाहिजे. पण दिवे लावायचे ते कसे, याचा हिशेब आधी घरात बसून करायचा असतो. तो न करता दिवे लावले की काय होते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. आधी तीच गोष्ट सांगतो.

त्या साली मी बाजारातून शंभर-शंभर वॅटचे दोन हॅलोजन आणले. घरीच बसवले. तारही घरात पडलेली, पंख्याच्या वायरिंगची उरलेली. बटण ट्रॅक्टरचेच. पहिल्या रात्री वाडीत असा लख्ख उजेड पडला की शेजारी बघायला आले. मीही ऐटीत सांगितले, "दिवसासारखे काम करा आता!"

पुढच्याच आठवड्यात तलासरीच्या बाजूला पेंढा भरायला गेलो. सोबत सौ. होत्या. पेंढा भरता भरता अंधार झाला. इंजिन हळू चालू ठेवून, सगळे दिवे लावून दोन तास भरणी केली. मग महामार्गाला लागलो. चारोटीला वळून आशागडवरून घर गाठायचे होते. वाटेत दिवे पिवळे पडत चालल्याचे दिसत होते, पण म्हटले, घर येईल आता. चारोटीच्या अलीकडे पेंढ्याचा दोर सैल झाला म्हणून बाजूला थांबलो आणि इंजिन बंद केले. दोर आवळला, चावी फिरवली. सेल्फने नुसते 'टक' केले आणि गप्प झाला. दिवे विझले. मागचा लाल दिवाही विझला.

भरलेली ट्रॉली, रस्ता सपाट, धक्का द्यायला माणूस नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर रात्री कसले ट्रक धावतात ते तुम्हाला सांगायला नको. सौ. हातात विजेरी घेऊन ट्रॉलीच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या गाड्यांना विजेरी हलवून दाखवू लागल्या. अर्ध्या तासाने एका पिकअपवाल्या पोराने गाडी थांबवली, आपल्या बॅटरीची केबल जोडून दिली आणि आमचे इंजिन सुरू झाले. घरी आल्यावर सौ. एवढेच म्हणाल्या, "उजेड पुढे लावलात, पण मागे मला उभे केलेत." त्या वाक्यानंतर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो कागदच आज तुमच्यापुढे ठेवतो.

डायनामो म्हणजे घरचे वीजकेंद्र

आपण त्याला अजून डायनामोच म्हणतो, पण आजच्या ट्रॅक्टरवर असतो तो अल्टरनेटर. पट्ट्याने तो इंजिनाबरोबर फिरतो, आत उलटसुलट वाहणारी वीज तयार होते, आतलेच डायोड ती एका दिशेची करतात, आणि रेग्युलेटर तिचा दाब सुमारे चौदा व्होल्टवर धरून ठेवतो. या विजेवर दिवे चालतात आणि उरलेली बॅटरीत भरली जाते.

डहाणूला १९९५ साली सुरू झालेले औष्णिक वीजकेंद्र ५०० मेगावॉटचे आहे. म्हणून त्याच्याकडून कुणी ६०० मागितले तर मिळतील काय? नाही. तसेच या छोट्या वीजकेंद्राचे आहे. त्याची ऐपत त्याच्या पाटीवर लिहिलेली असते, किंवा ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तकात असते. पाटीवर 'व्होल्ट' आणि 'ॲम्पिअर' असे दोन आकडे शोधा. आमच्या पाटीवर १२ व्होल्ट, ३६ ॲम्पिअर असे होते. तुमच्या बागेतल्या ट्रॅक्टरवर याहून कमी असू शकेल, म्हणून पाटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता ३६ लिहिले आहे म्हणून ३६ मिळतातच असे समजू नका. तो आकडा इंजिन चांगल्या वेगात असतानाचा असतो. अल्टरनेटर तापला की तो थोडा उतरतो. इंजिन हळू चालू असेल, तर निम्मासुद्धा मिळत नाही. म्हणून माझा नियम असा आहे, की पाटीवरच्या आकड्याचे तीन भाग करावेत आणि त्यातले दोनच आपले मानावेत. ३६ चे २४.

मागणीचा हिशेब

दिव्याचे वॅट भागिले बारा, म्हणजे ॲम्पिअर. शाळेतल्या पोरालाही हा हिशेब येतो, त्यालाच बसवा. प्रत्येक बल्बच्या बुडाशी वॅट कोरलेले असतात.

आमच्या ट्रॅक्टरचा हिशेब असा होता. पुढचे दोन मोठे दिवे, खालच्या झोतावर प्रत्येकी ५५ वॅट, म्हणजे ११०. बाजूचे दोन छोटे दिवे प्रत्येकी ५, म्हणजे १०. मागचे दोन लाल दिवे, तेही १०. पाटीवरचे बारीक बल्ब मिळून १०. मागे अवजारावर पडणारा दिवा ३५. एकूण १७५ वॅट. त्याला बाराने भागले की १४.६ ॲम्पिअर आले.

यात आणखी एक गिऱ्हाईक धरायचे असते, ते म्हणजे बॅटरी. सेल्फ मारताना तिने जे दिलेले असते ते तिला परत हवे असते. तिच्यासाठी ५ ॲम्पिअर बाजूला ठेवा. हॉर्न, ब्रेकचे आणि वळणाचे दिवे अधूनमधून लागतात, तेही या पाचातच ओढून घेतात. म्हणजे मागणी झाली जवळजवळ २०. आपले २४. शिल्लक राहिले ४ ॲम्पिअर, म्हणजे ४८ वॅट. तेवढीच आपली ऐपत.

आणि मी काय लावले होते? २०० वॅट. म्हणजे आणखी १६.७ ॲम्पिअर. बॅटरीचा वाटा सोडला तरी दिव्यांचीच मागणी एकतीसच्या वर गेली. पेंढा भरताना इंजिन हळू चालत होते, तेव्हा अल्टरनेटर फार तर पंधरा देत असेल. उरलेले सोळा कोण देत होते? बॅटरी. दोन तासांत तिच्यातून ३२ ॲम्पिअर-तास गेले. बॅटरी पन्नास-साठ ॲम्पिअर-तासांची, आणि तीन पावसाळे पाहिलेली. रस्त्यावर मागचा दिवा बंद केला तरी मागणी अठ्ठावीसच्या वर होती, म्हणजे तिथेही तिला भर मिळाली नाही. मग चारोटीच्या अलीकडे ती बसली, यात तिचा काय दोष?

पुष्कळांना वाटते की भार जास्त झाला की अल्टरनेटर लगेच जळतो. तसे सहसा होत नाही. आधी दाब उतरतो, दिवे पिवळे पडतात, बॅटरी मुकाट्याने तूट भरून काढते. हे महिनोन्महिने चालले की अर्ध्या भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि ती कायमची कमजोर होते. अल्टरनेटर सतत पूर्ण भाराने तापत राहिला, की त्याच्या आतली गुंडाळी आणि डायोडही लवकर जातात.

मग उजेड वाढवायचा कसा?

सुदैवाने आज आपल्या हाती एलईडी दिवा आहे. जुना हॅलोजन बल्ब तार तापवून उजेड देतो, म्हणून त्याची बहुतेक वीज उष्णतेत जाते. एलईडीत तार तापवावी लागत नाही. ज्या वर्षी आपला पालघर जिल्हा झाला, त्या २०१४ साली अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल. त्या निळ्या उजेडावर पिवळ्या पुडीचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. आज आपल्या ओटीवर जो दिवा जळतो तो याच जातीचा.

व्यवहारात याचा अर्थ असा, की १८ वॅटचा चांगला एलईडी कामदिवा साधारण ५५ वॅटच्या हॅलोजनच्या तोडीचा उजेड देतो. आता आपल्या शिलकीत बसवून पाहा. दोन हॅलोजन ५५ वॅटचे लावले तर ११० वॅट होतात. शिल्लक ४८ च. बसत नाहीत. दोन एलईडी १८ वॅटचे लावले तर ३६ वॅट, म्हणजे ३ ॲम्पिअर. आरामात बसतात. शिवाय अवजारावरचा ३५ वॅटचा दिवा काढून तिथेही १८ चा एलईडी लावला तर उलट १७ वॅट वाचतात.

घेताना एक सावधगिरी घ्या. डब्यावर शंभर वॅट, दोनशे वॅट असे मोठमोठे आकडे छापलेले स्वस्त दिवे मिळतात. ते आकडे खरे नसतात. दुकानातच बारा व्होल्टच्या बॅटरीवर लावून किती ॲम्पिअर ओढतो ते मीटरवर पाहा, आणि तोच आकडा हिशेबात धरा. मागे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असलेला, वजनाला जड आणि पाणी न शिरणारा दिवा घ्या. त्या पट्ट्या दिव्याची उष्णता बाहेर टाकतात. त्यांत चिखल भरून वाळला की दिवा आतून भाजतो, म्हणून चिखलणी झाली की ट्रॅक्टरबरोबर दिवाही धुवा.

पुढच्या मोठ्या दिव्यांतला हॅलोजन बल्ब काढून त्या जागी एलईडी बल्ब बसवण्याचा मोह मात्र टाळा. त्या दिव्याचा आरसा हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेला असतो. बल्ब बदलला की झोत विस्कटतो. आपल्याला पुढे कमी दिसते आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जाते.

"मोठाच अल्टरनेटर बसवला तर?" असे काही जण विचारतात. बसवता येतो, पण त्याचा कंस, पट्टा, पुली, जाड तारा सगळेच बदलावे लागते. आणि वीज काही फुकट येत नाही. चारशे वॅट वीज काढायला इंजिनाची जवळजवळ एक अश्वशक्ती खर्च होते. पंधरा-अठरा अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरला चिखलात ती एक अश्वशक्ती जाणवते, आणि डिझेललाही जाणवते. त्यापेक्षा कमी खाणारा दिवा बरा.

तार, फ्यूज आणि बटण

माझी दुसरी चूक तारेची होती. बारीक तारेतून जास्त वीज नेली की दाब तारेतच मरतो. जाऊन-येऊन पाच मीटर लांबीची अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार घ्या आणि तिच्यातून दहा ॲम्पिअर न्या. पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात. हॅलोजनचा उजेड त्यामुळे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी होतो. म्हणजे बॅटरी पूर्ण वीज देते, उजेड मिळतो दोन हिस्से, आणि उरलेल्यात तार तापते. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर तूट पाव-अर्ध्या व्होल्टच्या आतच राहते. दोन एलईडींना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची, अनेक बारीक तारांची, गाडीसाठी बनवलेली तार पुरते. घरच्या भिंतीतली जाड एकेरी तार ट्रॅक्टरच्या थरथरीने तुटते.

फ्यूज हा दिव्याचा राखणदार नव्हे, तो तारेचा राखणदार आहे. म्हणून तो दिव्याजवळ नव्हे, बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत बसवायचा. ३ ॲम्पिअरच्या दिव्यांना ५ ॲम्पिअरचा फ्यूज पुरे. फ्यूज उडाला की त्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळू नका. तार डिझेलच्या नळीजवळून जाते, हे ध्यानात ठेवा. ती तापून तिचे वेष्टण वितळले तर पुढचे सांगायला नको.

एवढ्या छोट्या भाराला चांगले बटण सरळ चालते. भार त्याहून मोठा असेल तर मध्ये रिले घाला. रिले म्हणजे बटणाचा गडी. बटणातून नाममात्र वीज जाते आणि मोठा भार रिले उचलतो. त्याच्या बुडाशी आकडे असतात. बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली तार ३० ला, दिव्याकडे जाणारी ८७ ला, बटणाकडून येणारी ८६ ला, आणि ८५ अर्थला. बटणाला वीज चावीच्या पलीकडून घ्या, म्हणजे चावी काढली की दिवे आपोआप बंद होतील. रात्री थकलेला माणूस बटण विसरतो, चावी विसरत नाही.

दिव्याची अर्थही नुसती रंगावर बोल्ट आवळून देऊ नका. रंग खरवडून लोखंड दिसू द्या, किंवा वेगळी तार थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्या. आपल्या किनाऱ्यावर, चिंचणीपासून बोर्डीपर्यंत, खारा वारा तांब्याला हिरवा गंज चढवतो. म्हणून प्रत्येक जोडाला लग दाबून बसवा, वर पेट्रोलियम जेली लावा आणि वेष्टण चढवा. पिळून चिकटपट्टी लावलेला जोड एका पावसाळ्याचाच सोबती.

बसवण्याआधी तीन गोष्टी

पहिली. काम सुरू करताना बॅटरीची ऋण तार आधी काढा आणि शेवटी लावा.

दुसरी. दिव्याचा कंस ट्रॅक्टरवर वेल्डिंगने लावून घेणार असाल, तर बॅटरीच्या दोन्ही तारा आणि अल्टरनेटरच्या तारा सोडवून ठेवा. वेल्डिंगची वीज वाट शोधत डायोडमधून गेली की ते गेलेच म्हणून समजा. त्यापेक्षा कंस नटबोल्टने लावणे केव्हाही चांगले.

तिसरी. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नका. "डायनामो चार्ज करतो का ते बघू" म्हणून अशी तार काढून पाहण्याची जुनी खोड अजून काहींना आहे. जुन्या डायनामोचे त्यात काय होत असेल ते असो, अल्टरनेटरचे डायोड त्या एका झटक्यात जाऊ शकतात.

ट्रॅक्टर नवा असेल तर त्याच्या मूळ वायरिंगला कापाकापी करू नका, हमी अडचणीत येते. वेगळी तार, वेगळा फ्यूज, वेगळे बटण, असा स्वतंत्र मार्ग काढा.

दिवा कुठे लावावा

चिकूच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात. टपावर किंवा उंच कांबीवर लावलेला दिवा पहिल्याच आठवड्यात फांदीने ओरबाडला जातो. शिवाय पावसात आणि धुळीत उंचावरचा झोत थेंबांवरून परतून आपल्याच डोळ्यांत येतो. म्हणून मडगार्डच्या आतल्या बाजूला, बोनेटच्या पातळीच्या आसपास लावा आणि तोंड थोडे खाली ठेवा. पुढच्या दिव्याचा झोत दहा-पंधरा पावलांवर जमिनीला टेकला पाहिजे. मागचा दिवा रोटाव्हेटरवर आणि त्याच्या मागच्या दोन हातांवर पडला पाहिजे. तिथे कुणी माणूस आहे की नाही, हेच तर आपल्याला पाहायचे असते.

शक्य असेल तर अवजारावरचा दिवा पिवळसर छटेचा घ्या. निळसर पांढऱ्या उजेडावर पाखरे आणि किडे जास्त झेपावतात, पिवळसरवर कमी. आवणीच्या दिवसांत तोंडावर येणारे किडे तेवढे तरी कमी होतील.

आणि हे पक्के ध्यानात ठेवा. कामाचे दिवे शेतासाठी, रस्त्यासाठी नव्हेत. रस्त्याला लागलात की ते बंद. पुढे पांढरा आणि मागे लाल, हीच रस्त्याची खूण. मागे पांढरा दिवा जळत राहिला, तर मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर आपल्याकडे येतो आहे असे वाटते. ट्रॉलीचे लाल दिवे रोज बघा, मागे आणि बाजूंना चकाकणारी पट्टी लावा, आणि ती पेंढ्याखाली झाकली जाणार नाही अशा जागी लावा. बॅटरी गेली तरी ती पट्टी येणाऱ्या गाडीच्या उजेडात चमकते. माझ्या ट्रॉलीला त्या रात्री ती असती तर सौ.ना मागे उभे राहावे लागले नसते.

काम झाल्यावर परीक्षा

साधा मीटर घ्या, एकदाच घेतला की वर्षानुवर्षे पुरतो. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सकाळी १२.६ च्या आसपास दाखवले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन कामाच्या वेगावर आणा, दिवे बंद ठेवा. १३.८ ते १४.४ दिसले पाहिजे. आता सगळे दिवे लावा. १३.५ च्या खाली जाऊ नये. मग इंजिन हळू करा. दाब १२.६ च्या खाली घसरला, तर समजा की बॅटरी तूट भरते आहे आणि उभ्या ट्रॅक्टरवर एवढे दिवे लावून बसणे परवडणारे नाही.

मीटर नसेल तर डोळ्यांनी पाहा. रात्री दिवे लावून इंजिनाचा वेग वाढवा. हॅलोजनचा उजेड एकदम उसळून वाढला, तर हळू असताना तूट होती. पट्टाही दाबून बघा. तो सैल असेल तर भार पडला की घसरतो, किंचाळतो, आणि सगळा हिशेब फुकट जातो.

एक शेवटची गोष्ट. चिकू निवडायला, पेटीत भरायला उजेड हवा म्हणून ट्रॅक्टर तासन्‌तास चालू ठेवणे हा महागडा उजेड आहे. डिझेल जळते ते वेगळेच. तिथे घरचा चार्जिंगचा दिवा किंवा सौर कंदील टांगा आणि इंजिन बंद करा. निवडणाऱ्या बाईच्या डोक्याला लावायचा छोटा दिवा मिळतो, तो तर सर्वांत बरा. जिथे हात जातो तिथेच उजेड जातो.

मंडळी, आमच्या ट्रॅक्टरवर आता १८ वॅटचे दोन दिवे पुढे आणि एक मागे आहे. सगळे धरून दिव्यांची मागणी १६ ॲम्पिअरच्या आसपास येते. बॅटरीचे पाच मिळवले तरी चोवीसच्या आत. उजेड त्या दोन मोठ्या हॅलोजनांइतका झगझगीत नाही, शेजारी बघायला येत नाहीत. पण रोटाव्हेटरचे पाते दिसते, विहिरीचा काठ दिसतो, आणि सकाळी चावी फिरवली की इंजिन लागते.

पहिल्या पावसाच्या आधी एक संध्याकाळ काढा. घरातल्या शाळकरी पोराला किंवा पोरीला वही घेऊन ट्रॅक्टरजवळ बसवा. पाटी वाचायला लावा, बल्बांचे आकडे लिहायला लावा, भागाकार करायला लावा. आणि तो हिशेब चुकतो की बरोबर येतो, हे बाजारात जाण्याआधी घरातच पाहा.

पुढच्या वेळी बॅटरीच्या पाण्याविषयी आणि पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरच्या निगराणीविषयी बोलू. तोवर रामराम.